तीन आट्यांवरची चाकं

गोखिवऱ्याच्या नाक्यावर चिंचेखाली प्लासिडचं टायरचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बांबू, वर पत्रा, हवेचा कॉम्प्रेसर आणि मागे छातीएवढा गुळगुळीत टायरांचा ढीग. हे झिजून गोटा झालेले टायर शेतकरी बैलगाडीला लावायला नेत, आणि प्लासिड त्यांनाही हिणवायला सोडत नसे. टायर बघून माणूस ओळखतो, असा त्याचा दावा होता. एका बाजूने झिजलेला असला की मालक आळशी, दगडाने फाटलेला असला की आंधळा, आणि नवाकोरा असला की बिनडोक. अकरा वर्षं खदानीवरचा ट्रक हाकून एवढं शास्त्र त्याने मिळवलं होतं आणि तेवढ्यावर तो सगळ्या वसई तालुक्याला अडाणी समजे.

त्याचा एक नियम होता. विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर मूग गिळून बसायचं. "फुकटच्या शहाणपणाला कोण विचारतो?" असं तो बायकोला, मटिल्डाला, सुनावायचा. एखादा चुकीचा टायर घालून गेला आणि आठ दिवसांनी चिखलाने माखून गाडी ढकलत परत आला, की प्लासिडला तो दिवस सणासारखा वाटे. मटिल्डा म्हणायची, "तुला माणसं पडलेली बघायला आवडतं." तो म्हणायचा, "मी थोडंच पाडतो?"

चौऱ्याऐंशी सालच्या एप्रिलात कॉन्रॅड बहारीनहून सुट्टीवर आला. प्लासिडची मुलगी ॲनी शाळेत शिकवायची, तिच्यासाठी त्याच्या घरून मागणी आलेली. पोरगा वाईट नव्हता, पण काळा चष्मा आणि 'अंकल' हा शब्द तो तिकडून घेऊन आला होता. गावातली पोरं ज्याला जन्मभर काका म्हणत आली, त्याला हा अंकल म्हणाला, तिथेच प्लासिडचं डोकं फिरलं.

शुक्रवारी तो क्रीम रंगाची जुनी फियाट घेऊन दुकानात आला. डिकीत आणि मागच्या सीटवर मुंबईहून आणलेली चार चकचकीत परदेशी चाकं होती आणि त्यांवर हातभर रुंद टायर. हातात कसल्याशा मासिकाचं पान. त्यात एक मोटार ढुंगण एका बाजूला टाकून वळणावर आडवी चालली होती, मागे धुळीचा लोट.

"अंकल, रविवारी खदानीच्या मैदानावर मी हे करून दाखवणार. तिकडे अरबांची पोरं रोज करतात. एवढी बसवून द्या."

प्लासिडने पान पाहिलं. मनात त्याला सगळं स्वच्छ दिसलं. नवशिक्याला हे जमवायचं तर पुढे दोन चांगले, पकडणारे टायर हवेत आणि मागे दोन गोटा झालेले, हवा जरा चढवून, साध्या लोखंडी चाकांवर. म्हणजे पुढची चाकं सांगाल तिकडे जातात आणि मागची सुटतात. तसे गोटे त्याच्या ढिगात पन्नास पडले होते. बैलांना जे चालतं तेच या साहेबाला लागणार होतं, हे सांगण्यात केवढी मजा होती. पण साहेबाने विचारलंच नाही.

मिठागरवाल्यांच्या घरातला हरेश्वर पाण्याचा टँकर चालवायचा. तो पंक्चरसाठी थांबला होता. न राहवून तो कुजबुजला, "काका, एवढ्या रुंद टायरांवर फियाट काय घसरनार? जाग्यावर बंद पडंल. सांगा ना त्याला."

"विचारलंय त्याने?" प्लासिड म्हणाला आणि जॅक लावला.

चाकं चढवताना मात्र एक गोष्ट निघाली, ती हरेश्वरला दिसली नाही. परदेशी चाक जाडजूड होतं, त्याला फियाटचे बोल्ट आखूड पडत होते. पान्हा फिरवला, बोल्टाने जेमतेम तीन आटे धरले आणि तो टेकला. सोळाच्या सोळा बोल्टांची तीच गत. तीन आट्यांवर चाक उभं राहतं, पण आडवा जोर आला की निखळून पडतं. प्लासिडने पान्हा हातात धरून क्षणभर कॉन्रॅडकडे पाहिलं. तो काचेत बघून केस विंचरत होता. 'निखळू दे,' प्लासिड मनात म्हणाला, 'पायी येईल माझ्याकडे, काका म्हणत.' त्याने हात पुसले.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून अर्धा गाव मैदानावर लोटला. मुरूम टाकून सपाट केलेली जागा, पलीकडच्या कडेला खदानीचा खोल खड्डा. कॉन्रॅडने गाडी भरधाव आणली, स्टिअरिंग फिरवलं, आणि रुंद टायरांनी मुरूम असा धरला की फियाटने दोन आचके दिले आणि ती बंद पडली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. माणसं पोट धरून हसली. सगळ्यांत मोठ्याने प्लासिड हसला. इतका आनंद त्याला मुलीच्या पहिल्या पगारालाही झाला नव्हता.

हरेश्वरला दया आली. "थांबा, जरा पानी मारतो, मग घसरंल," म्हणत त्याने टँकरचा नळ सोडून मैदान भिजवलं. कॉन्रॅड घामाघूम होऊन बाहेर उभा होता. तेवढ्यात ॲनी पदर खोचून पुढे आली. गाडी तिला प्लासिडनेच शिकवली होती, गिऱ्हाइकांच्या जीपवर.

"द्या किल्ली. मी बघते," ती म्हणाली आणि आत बसली.

प्लासिडचं हसू जागच्या जागी विरलं. ओल्या मुरमावर आता गाडी खरोखर आडवी जाणार होती, आणि आडवा जोर त्या तीन आट्यांवर येणार होता, खदानीच्या बाजूला. ओरडलं तर सगळ्या गावासमोर कबूल करावं लागणार होतं. इंजिन गुरगुरलं. मग तो धावला. साठीचा माणूस, एक चप्पल वाटेतच सुटलेली, तो थेट गाडीसमोर जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिला. ॲनीने करकचून ब्रेक दाबला. गाडी त्याच्या गुडघ्यापाशी थांबली.

"उतर," तो धापा टाकत म्हणाला. "बोल्ट आखूड आहेत. चाक निघेल."

तो खाली बसला आणि मागच्या चाकाचा एक बोल्ट त्याने दोन बोटांनी फिरवला. मघाच्या आचक्यांत तो सैल झाला होता. पान्ह्याशिवाय हातात आला.

कॉन्रॅडने चष्मा काढला. ॲनी उतरून बापासमोर आली.

"पप्पा, हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"शुक्रवारपासून."

"मग मघाशी तो आत बसला होता तेव्हा तुम्ही हसत का होता?"

जन्मभर प्लासिड म्हणत आला होता, विचारलं तर सांगीन. आता विचारलं होतं, तेही अर्ध्या गावासमोर, आणि उत्तर त्याला पुरतं ठाऊक होतं. तो हातातल्या बोल्टाकडे बघत तसाच बसून राहिला. ॲनीने किल्ली कॉन्रॅडच्या हातात ठेवली आणि बापाकडे न बघता ती त्याच्याबरोबर चालत निघाली.