पोफळशेतची सून

जबलपूरच्या कारखान्यात लागल्यावर पहिल्याच आठवड्यात गुणवंत सबनीसांपुढे प्रवास सवलतीचा फॉर्म आला. त्यात एक रकाना होता: मूळ गाव. आता सबनीसांचे पूर्वज मराठ्यांच्या चाकरीत नर्मदेकाठी आले ते नेमके कुठून, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आडनावही चाकरीचंच, त्यावरून गावाचा पत्ता लागायची सोय नाही. आजूबाजूला जो तो ऐटीत आपापलं गाव लिहीत होता. जबलपूर लिहायची गुणवंतरावांना लाज वाटली. एका सहकाऱ्याच्या तोंडून ऐकलेलं कोकणातलं नाव त्यांनी दिलं ठोकून: पोफळशेत.

तेवढ्यावर थांबले असते तरी बिघडलं नसतं. पण माणूस बोलका. जबलपूरच्या गढा भागातल्या घरी पाहुणे बसले की पोफळशेतचं घर निघायचं, मग विहीर निघाली, मग विहिरीवरचा फणस. लग्न होऊन आलेल्या अनसूयाबाईंना त्यांनी सांगितलं की भाऊबंदकीत सगळं गेलं, आता जाण्यात अर्थ नाही. बिचारीने विश्वास ठेवला. पस्तीस वर्षं हळदीकुंकवात ती सांगत आली, "आमचं सासर कोकणातलं जी."

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच डिसेंबरात मुलगा अनिमेष म्हणाला, "बाबा, चलो, गाडीनेच जाऊ. आधी लोणारचं सरोवर, मग महाबळेश्वर, मग समुद्र. और लास्ट में सरप्राइज."

लोणारला गुणवंतराव खुशीत होते. महाबळेश्वरच्या थंडीत मफलर गुंडाळून त्यांनी तीन कणसं खाल्ली. घाट उतरताना सरप्राइजचं नाव कळलं: पोफळशेत. "काहून जाऊन राहिले तिकडे? रस्ता खराब आहे," असं दोनदा म्हणून पाहिलं. खरं सांगायला चार तास हातात होते. ते चारही तास त्यांनी झोपेचं सोंग घेण्यात घालवले.

पोफळशेतात पहिल्याच घराच्या अंगणात बेबीताई नावाच्या म्हाताऱ्या बाई सुपारी वाळत घालत होत्या. अनसूयाबाई सगळ्यांच्या पुढे. "मी इथली सून. सबनीसांची. पहिल्यांदाच आली."

बेबीताईंनी क्षणभर गुणवंतरावांकडे पाहिलं. चहा दिला, पाट मांडला, कुंकू लावलं आणि तांदूळ, नारळ, खण घालून अनसूयाबाईंची ओटी भरली. अनसूयाबाईंचे डोळे भरून आले. "सासरी ओटी भरणारं कोणी भेटलं," त्या म्हणाल्या. गुणवंतरावांना जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

अनिमेषने सबनीसांची विहीर विचारली. "सबनीस इथे कधी ऐकले नाहीत रे बाबा," बेबीताई म्हणाल्या. "फार जुनी गोष्ट," म्हणत गुणवंतरावांनी घाईघाईने सगळ्यांना समुद्रावर नेलं.

वाळूत बसून अनसूयाबाई पदरातला नारळ सांभाळत बोलत होत्या. पुढच्या वर्षी पुन्हा येऊ, बेबीताईंना साडी आणू, देवीची ओटी भरू. ते ऐकवेना, तेव्हा गुणवंतरावांनी सांगून टाकलं. फॉर्म, रकाना, फणस, सगळं.

अनिमेष उठून पाण्याकडे चालू लागला. अनसूयाबाईंनी नारळावरची वाळू पुसली.

"पस्तीस वर्षं मी लोकांना सांगून राहिली," त्या शेवटी म्हणाल्या. "तुम्ही शेजारी बसून ऐकत होते."

मग त्यांनी पदर नवऱ्यापुढे केला. "हे त्या बाईचं आहे. चला, परत द्या. तुमच्या तोंडाने सांगा."

साठीचा माणूस नारळ, तांदूळ आणि खण घेऊन निघाला. मागून अनसूयाबाई. अंगणात उभं राहून गुणवंतरावांनी मान खाली घालून सांगितलं. इतकी शरम त्यांना जन्मात वाटली नव्हती.

"मला कळलंच होतं," बेबीताई म्हणाल्या. "पण सबनीसांची म्हणून नाही हो भरली. सवाष्ण उन्हातून दारात आली, म्हणून भरली. जबलपूरची म्हणाली असती तरी भरलीच असती."

म्हणजे त्या खोट्याची गरजच नव्हती. आजही नव्हती, पस्तीस वर्षांपूर्वीही नव्हती.

अनसूयाबाई पायरी चढून पुढे झाल्या आणि त्यांनी पदर पसरला. "मग आता भरा, ताई. मी जबलपूरची अनसूया."

बेबीताईंनी त्यांना हाताला धरून आत नेलं. गुणवंतराव अंगणातच उभे राहिले. त्यांना आत या असं कुणी म्हणालं नाही, आणि कुणी म्हणावं असं त्यांनाही वाटलं नाही.