कोठीच्या झाकणावर बसलेले दाजी

कोल्हापुरात रागीट माणसांची वानवा नाही, पण वाळू, पेंड आणि भडंग यांच्यावरून माणसांशी भांडणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच आहे आणि तो नेमका माझ्या नात्यात निघाला. माझे थोरले साडू. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. राधानगरीकडच्या शेतकरी घरातून निघून ते पदार्थविज्ञान शिकले, काही वर्षं परदेशात राहिले, परत येऊन इथल्याच एका महाविद्यालयात शिकवून निवृत्त झाले. या सगळ्या काळात त्यांनी दोनच गोष्टींचा पिच्छा पुरवला. पॉलिमरच्या लांबलचक साखळ्या एकमेकींत कशा गुंततात ही एक, आणि दाण्यांचा ढीग कधी भिंतीसारखा उभा राहतो नि कधी पाण्यासारखा वाहायला लागतो ही दुसरी. हे सगळं संगणकावर चालायचं. आकड्यांचे दाणे करायचे, आकड्यांच्याच कोठीत ओतायचे आणि ते कसे पडतात ते बघत बसायचं. साखरपुड्यात आमच्या सासऱ्यांनी साध्या कुतूहलानं विचारलं होतं म्हणे, की एवढं करून शेवटी दाणं हाताला लागत्यात का. दाजी भरल्या ताटावरून उठले. लग्न झालं ते केवळ आक्का, म्हणजे माझ्या मेव्हणी, हट्टाला पेटल्या म्हणून.

शांत असले की दाजी पाठ्यपुस्तकातली मराठी बोलतात आणि राग आला की थेट राधानगरीच्या बांधावर जातात. त्यामुळं पाठ्यपुस्तकातली मराठी आमच्या वाट्याला फार कमी आली. घरात कुणी भडंगाचा डबा हलवला तरी ते कडाडत, कारण डबा हलवला की शेंगदाणे तळाला बसतात आणि ते का बसतात हे ठाऊक नसलेल्या माणसाला तो हलवायचा अधिकार नाही, असं त्यांचं मत होतं. नातेवाइकांनी त्यांना छळलंही कमी नाही. पॉलिमर म्हणजे प्लॅस्टिक एवढंच समजून कुणी पाण्याची टाकी कोणती घ्यावी हे विचारायला यायचं, तर कुणी संगणकवाले पाहुणे म्हणून बंद पडलेला प्रिंटर पिशवीत घालून आणायचं. एकदा त्यांचं एक मोठं गणित आठवड्यामागून आठवडे चालू असताना वीज गेली. त्यांनी वीज कंपनीच्या कचेरीत फोन लावला आणि ओरडले, "लाखभर दाणं हवेत लटकल्यात माझं, लाइट सोडा." पलीकडचा माणूस निवांतपणे म्हणाला, "मग पडू द्यात की खाली." दाजींनी तो फोन भिंतीवर आपटला. नवा फोन आणताना आक्कांनी दुकानदाराला सांगितलं होतं म्हणे, जरा मजबूत दाखवा.

या रागाला आम्ही हसत आलो आणि ते वाजवीच होतं. पण त्याच्या तळाशी एक जुनी जखम होती. महाविद्यालयातल्या प्रत्येक बढतीच्या बैठकीत समोरची मंडळी त्यांचे शोधनिबंध बाजूला सारून एकच प्रश्न विचारत. याचा समाजाला उपयोग काय? प्रश्न विचारणाऱ्यांत एकजण असा होता की त्यानं आयुष्यात गाइडं सोडून काही लिहिलं नव्हतं. आज मला त्याचा जेवढा राग येतो तेवढा दाजींनासुद्धा आला नसेल. दाजी घरी येऊन नुसते म्हणायचे, "त्यास्नी दाण्याचं कळत न्हाय, तर माझं काय कळणार?"

निवृत्तीनंतर मीच त्यांना एका कामात ओढलं. शहराबाहेर माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांचा पशुखाद्याचा कारखाना आहे. तिथं दोन मजली घराएवढी उंच लोखंडी कोठी होती. वरून सरकीची पेंड आणि मक्याचा भरडा भरायचा, खालच्या निमुळत्या तोंडातून काढायचा. पावसाळी दमट हवेत हा माल आत चिकटून त्याची कमान धरायची आणि खाली एक कणही पडायचा नाही. मग वरचं झाकण उघडून एक माणूस आत उतरे आणि मालावर उभा राहून पहारीनं ढोसे. दाजींनी मन लावून हिशेब केला, कोठीचा उतार तीव्र करा आणि तोंड रुंद करा असं सांगितलं, आणि तोवर आत माणूस उतरवू नका असं बजावून आले. मालकांनी चहा पाजला, मान डोलावली आणि काहीच केलं नाही. कारखाना बंद ठेवावा लागला असता.

श्रावणातल्या एका सकाळी मला मालकांचा फोन आला. तुमच्या पाहुण्यांना घेऊन जा, म्हणाले. झालं होतं असं, की दाजी सहज चौकशीला म्हणून तिथं गेले होते. कोठी तुंबली होती, दारात ट्रक थांबले होते आणि दगडू नावाचा कामगार पहार खांद्यावर टाकून शिडी चढायच्या बेतात होता. दाजींनी त्याला बाजूला ढकललं, साठी उलटलेल्या गुडघ्यांनी ती उभी शिडी चढले आणि झाकणावर मांडी घालून बसले.

मी पोचलो तेव्हा खाली सगळा कारखाना गोळा झाला होता. मालक लालबुंद. दगडू त्याहून चिडलेला, कारण आपल्या कामात हा कोण शहाणा आडवा येतो हे त्याला समजत नव्हतं. इतकी वर्षं तो आत उतरत होता आणि त्याला काही झालं नव्हतं.

"दरसाल उतरतोय की सर," तो खालून म्हणाला. "मला काय झालंय व्हय?"

"तू पेंडीवर हुबा न्हाईस, कमानीवर हुबा हाईस," दाजी वरून गरजले. "खाली सगळं पोकळ हाय. कमान मोडली की माल तुला गिळणार आणि चौघांनी वडलं तरी तू वर यायचा न्हाईस. ह्याचा हिशोब मी केलाय. तू केलाईस?"

मालकांनी पोलिसांचं नाव काढलं. दाजी म्हणाले बोलवा, त्यांनाही समजावतो. शेवटी मालकांनी मला वर पाठवलं. पावसानं उघडीप दिल्यानं लोखंड तापलं होतं आणि दाजींचा सदरा घामानं अंगाला चिकटला होता. मी हळूच म्हटलं, दाजी, लोक हसायला लागलेत, उतरूया. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"आयुष्यभर मी खोटं दाणं पाडलं," ते म्हणाले. "खोट्या कोठीत. कुणी मेलं न्हाय, कुणी वाचलं न्हाय. आज पहिल्यांदा खऱ्या मालावर बसलोय. मी उतरलो तर हा माणूस आत जाणार. मग माझ्या शिक्षणाचं काय करू, सांग."

मी त्यांच्या शेजारी बसलो. झाकण दोघांना पुरेल एवढं मोठं होतं.

दुपार कलली तेव्हा मालकांनी हार मानली. खालच्या तोंडातून, बाहेर उभं राहून, लांब बांबूंनी ढोसायला सुरुवात झाली. दाजी तेव्हाच खाली उतरले. बराच वेळ काही होईना आणि कुणीतरी फिदीफिदी हसलंसुद्धा. मग आतून एक घुमणारा आवाज आला, मालाची कमान कोसळली, सगळी कोठी हादरली आणि वरच्या बाजूचा पत्रा आत ओढल्यासारखा दबला. धुरळा बसला. दगडू हातातली पहार जमिनीवर ठेवून तिच्याशेजारी उकिडवा बसला. मालक पत्र्याकडे बघून नुकसान केवढं झालं म्हणाले. त्यावर दाजी त्यांच्या अंगावर धावून गेले आणि मला त्यांची कंबर धरावी लागली.

पुढं कोठीचा उतार बदलला, तोंड रुंद झालं. मालक ती सुधारणा आता पाहुण्यांना स्वतःची कल्पना म्हणून दाखवतात. ज्या अपघातात कुणी मेलं नाही त्याची नोंद कोण ठेवणार? नातेवाइकांत ही गोष्ट 'दाजी पेंडीवर बसले' अशी हसून सांगितली जाते. हसणाऱ्यांना मी आता झापतो. दगडू मात्र दिवाळीत आक्कांच्या दारी आला. चहा प्याला, आणि उठताना दाजींच्या पाया न पडता त्यांचा हात दोन्ही हातांत धरून उभा राहिला. त्या वेळी रागावण्याजोगं काहीच न सापडल्यानं दाजींची फार पंचाईत झाली.

नंतर त्यांच्या छातीचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी रागावायला बंदी केली आणि आक्कांनी ती कसोशीनं पाळायला लावली. हल्ली दाजी बहुतेक गोष्टींना असू दे म्हणतात. मागच्या महिन्यात मी त्यांना गाडीतून गगनबावड्याला नेलं. वाटेत एका ठिकाणी रस्त्याच्या कामासाठी डोंगराचा पायथा उभा कापून काढला होता, वर माती लोंबत होती आणि खाली वाडीतली चार घरं. मी गाडी हळू केली आणि वादळाची वाट बघितली. दाजी काचेतून त्या मातीकडं नुसते पाहत राहिले. मग त्यांनी डोळे मिटून घेतले.

मला काय झालं ते मला ठाऊक नाही. मी गाडी थांबवली, उतरलो आणि तिथल्या मुकादमावर असा ओरडलो की त्याची माणसं काम सोडून बघायला लागली. हा उतार टिकत नसतो, खालच्या माणसांना आधी हलवा, नाहीतर मी तहसीलदारांना घेऊन इथं येतो, असं काय काय बोललो. उताराच्या कोनाचा एक आकडाही मध्येच ठोकून दिला. माझा आवाज चिरकला. मुकादमानं पाहुण्याला पाणी द्या रे, असं म्हटलं.

मी परत गाडीत येऊन बसलो. दाजींनी डोळे उघडले होते. गाडी पुढं निघाली तेव्हा ते त्यांच्या त्या पाठ्यपुस्तकातल्या मराठीत म्हणाले, "आवाज चांगला लागला तुझा. कोन मात्र चुकीचा सांगितलास. उद्या सकाळी घरी ये, शिकवतो."