फाइलीतलं ‘बरं हाय’

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि म्हणाले, "मावशी, उजव्या गुडघ्यात हाडाला हाड घासतंय. आता ऑपरेशनच करावं लागेल." तेव्हा मावशी पिशवीतून त्यांच्यासाठी आणलेली वांगी काढत होत्या.

या मावशी म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्ती म्हणते. सासू-सासरे कुंडलला असतात, आम्ही नवरा-बायको सांगलीत. आजाराचं नाव ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यातली गुळगुळीत कूर्चा झिजून जाणं. दोन्ही गुडघ्यांत होता, उजव्यात जास्त.

हे नाव मला पाठ, कारण माझं पोटच त्यावर आहे. मी घरी बसून मेडिकल कोडिंग करते. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचायचं आणि प्रत्येक आजाराला ठरलेला कोड द्यायचा. गुडघ्याच्या झिजेचा कोड ‘एम सतरा’ने सुरू होतो. कुठला गुडघा, आपोआप झिजला की मार लागून, ते पुढचे आकडे सांगतात. परदेशातले ढीगभर गुडघे माझ्या नजरेखालून गेलेत, घरचा मात्र हा पहिलाच.

नवऱ्याच्या कुपवाडच्या कारखान्याचा विमा आई-वडिलांनाही लागू होता. त्याशिवाय ऑपरेशन आम्हाला झेपणारं नव्हतं. हॉस्पिटलनं मंजुरीसाठी कागद पाठवले आणि मी निर्धास्त झाले. उत्तर आलं: रुग्णाला औषधांनी आराम असल्याची नोंद आहे, ऑपरेशनची गरज स्पष्ट होत नाही.

मी फाइल उघडली. निदानाच्या जागी नुसतं ‘गुडघेदुखी’, आणि खाली प्रत्येक भेटीत एकच ओळ: पेशंटला बरं वाटतंय.

डॉक्टरांचा काय दोष? ते विचारायचे, "कसं काय मावशी?" आणि आत्ती म्हणायच्या, "बरं हाय." आमच्याकडे कुणी ‘कसं काय’ म्हटलं की उत्तर ‘बरं हाय’ हेच. घरावर आभाळ कोसळलेलं असलं तरी आधी ‘बरं हाय’, मग बाकीचं. त्यात आत्ती दवाखान्याला जाताना ठेवणीतलं लुगडं नेसणार, दारातून खुर्चीपर्यंत माझा हात सोडून ताठ चालणार. घरी मात्र उंबरा ओलांडायलाही भिंत धरायच्या.

"आत्ती, खरं सांगा की त्यांना," मी म्हटलं.

"आगं, त्यो बापडा एवढ्या मायेनं इचारतोय, त्येच्याफुडं काय रडगानं गायाचं?"

असं म्हणायच्या, पण ऑपरेशन त्यांनाच हवं होतं, आणि तेही मैनेसाठी. मैना म्हणजे त्यांची म्हैस. ती आत्तींशिवाय कुणालाच नीट पान्हा सोडत नाही. ‘मला पुन्हा तिची धार काढता आली पाहिजे,’ एवढंच त्यांचं मागणं होतं. ते नाही जमलं तर मैना विकायची, असं मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ठरवून टाकलेलं. त्या दिवसापासून आत्ती नीट जेवत नव्हत्या.

मामांनाही घेऊन आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. नकाराचं पत्र वाचून ते मला म्हणाले, "मी पेशंट सांगतो ते आणि तपासणीत दिसतं ते लिहितो. तुम्ही सांगताय म्हणून दुखणं वाढवून लिहिणार नाही." बरोबरच होतं त्यांचं. मग त्यांनी आत्तींना विचारलं, आणि आत्ती हसून म्हणाल्या, "बरं हाय." मी कपाळाला हात लावला.

डॉक्टरांची नजर टेबलावर गेली. तिथं पुन्हा वांगीच होती.

"मावशी, पूर्वी तुम्ही तूप आणायचा. हल्ली वांगीच?"

आत्तींचा चेहराच उतरला. "आवं कशाचं तूप, डाक्टर! म्हशीखाली बसाय येतंय व्हय मला? बसले तर उठाय येत न्हाई. परवा खुंट्याला धरून उठाय गेले आन् शेनात बसून ऱ्हायले. आता आमचं मालक माझं लुगडं पांघरून धार काढत्यात. ती काय खुळी हाय व्हय? तांब्याभर देती आन् लाथ हानती!"

कोपऱ्यात बसलेले मामा छताकडे बघायला लागले. हसता हसता आत्तींच्याच डोळ्यांत पाणी आलं, आणि मग माझ्याही.

डॉक्टरांनी मग एकेक विचारलं. किती चालता, जिना चढता का, झोप लागते का, गोळ्या-इंजेक्शननं किती दिवस बरं वाटलं. गुडघा किती वाकतो ते मोजलं. दोन्ही गुडघे, उजवा जास्त, मार लागल्याचा इतिहास नाही, सारं लिहिलं. एक शब्द फुगवलेला नव्हता. माझ्यासारखीला कोड द्यायला डोकं खाजवावं लागू नये, असा कागद झाला तो.

मंजुरी आली. ऑपरेशननंतर नर्सनं विचारलं, "आजी, दहापैकी किती दुखतंय?" आत्ती म्हणाल्या, "तुमीच बघून लावा." शेवटी घासाघीस होऊन सातावर सौदा पटला.

तुमच्या घरी असं दुखणं असेल तर एवढंच सांगते. दवाखान्यात ‘दुखतं’ किंवा ‘बरं आहे’ यावर थांबू नका. काय करता येत नाही ते सांगा, आणि लिहिलं का तेही बघा. न लिहिलेलं दुखणं विमावाल्यांच्या लेखी नसतंच. त्या डॉक्टरांचे आमच्यावर फार उपकार आहेत, कारण वांग्यांकडे बघून तूप आठवणारा डॉक्टर सगळ्यांना भेटत नाही.

दोन-अडीच महिन्यांनी तपासणीला गेलो. जमिनीवर उकिडवं बसायला डॉक्टरांनी कायमची बंदी केली होती, म्हणून मामांनी गोठ्यासाठी उंच स्टूल करून घेतलं होतं.

"कसं काय मावशी?"

"बरं हाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. आत्तींनी पिशवीतून तुपाची बरणी काढून टेबलावर ठेवली.

"आवं, लिवा की! ह्या खेपंला खरंच बरं हाय. मालकांनी माझं लुगडं माघारी दिलंया."