आधी वारा बघायचा

सेनगावच्या स्टँडवर जीप भरली, तरी आबा खिडकीची कड सोडेनात. ड्रायव्हरचा हॉर्नवर हॉर्न. शेवटी आबांनी, माझ्या बापानं, आत डोकं घालून सांगितलं, "तिकडं कुनी पडलं-झडलं तर पळत जाय. बघत उभा राहू नको. परमुलखात आपलं कोन हाय रे?" सोबत आलेले शेजारचे सखाकाका हसले, "आता सोड की बाबा लेकराला!"

आखातातल्या वाळवंटात तेलाच्या रिगवर लागलो, तर पहिल्याच दिवशी नेमकं उलटं शिकवलं. तिथं जमिनीतून एक विषारी गॅस येतो. आधी सडक्या अंड्यासारखा वास मारतो, अन् जास्त झाला की नाकाला वासच कळत नाही. सेफ्टीचे साहेब केरळचे, हिंदीतून घोकून घ्यायचे, "कोई गिरा तो भागना नहीं. पहले हवा देखो, मास्क पहनो." खांबावरच्या केशरी कापडी नळीकडे बघून वारा कुठून येतो ते ओळखायचं. पाइप, पाने, साखळ्या महिन्याभरात हाताला बसल्या. पण पाय थांबवणं काही केल्या जमेना. सरावाला पुतळा पाडला की मी पळालोच, अन् नापास झालोच. गाव सोडून गेलेल्यांनो, तुम्हाला कळेल हे.

फोनवर आबांना सांगितलं तर खवळले. "मानूस मरून राहिला अन् तुमी वारं बघता व्हय? असली कसली नोकरी!" मला हसू आलं. विहिरीतही अशी विषारी हवा कोंडते, हे मला तरी कुठं ठाऊक होतं?

त्याच उन्हाळ्यात सखाकाका आमच्या जुन्या विहिरीत गाळ काढायला उतरले, अन् तळाशी मटकन बसले. आबा काठावर होते. लोक ओरडत होते, थांबा, थांबा. थांबतील ते आबा कसले! काकांचा दंड धरलेलेच सापडले. दोघंही गेले.

मी पोचलो तेव्हा राख सावडून झाली होती. इतका राग आला मला आबांचा! अरे, दोन मिनिटं थांबायचं, पंख्यानं हवा सोडायची, कमरेला दोर बांधायचा! आई एवढंच म्हणाली, "त्यायला थांबता आलं असतं व्हय रे?"

आता गावात कुणी विहिरीत उतरणार असलं की मला फोन येतो. मी इकडून ओरडतो, आधी हवा सोडा, दोर बांधा, एक पडला तर मागं दुसरा उतरू नका. ऐकतात बिचारे.

परवा सरावाला पुतळा पडला. मी जागचा हललो नाही. वारा बघितला, मास्क चढवला, मग गेलो. साहेबांनी पाठ थोपटली. मी कपडे बदलायच्या खोलीत जाऊन ढसाढसा रडलो.

आबा, जमतं आता मला थांबायला. पण मी पडलो, तर वारं न बघता पळत येणारं मानूस आता कुठं हाय? माझं घर म्हंजी तेच होतं.