हाकेला आलेली कुत्री

कांदिवलीच्या मासळीबाजारात एक कोळीण मावशी बसते. मासे कापताना ती त्यांची डोकी कुत्र्यांना टाकायची. कमी भित्रे लांडगे उष्ट्यासाठी माणसाजवळ आले आणि त्यांचीच पुढे कुत्री झाली, असा एक सिद्धांत आम्हाला कॉलेजात शिकवला. मावशीकडे बघून मला तो पटलाही होता.

एकदा कुत्री पकडणारे आले. म्हणाले, "मावशी, इंजेक्शन देऊन परत सोडतो. तू हाक मार ना!"

तिने हाक मारली. कुत्री शेपट्या हलवत आली. नंतर एकही परत आलं नाही.

एक भित्री काळी कुत्री तेवढी पळाली होती. काल ती पहिल्यांदाच मावशीच्या पाटीजवळ आली. मावशीने तिच्यावर मासे धुतलेलं पाणी फेकलं.

"लांब हो! मी हाक मारली तरी येऊ नकोस गं."