दोष आढळला नाही

तिला खऱ्या नावानं हाक मारणारं ऑफिसात कुणी उरलं नव्हतं. वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्या सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर ती सतरा वर्षं बसत होती, लोकांच्या तक्रारी लिहून घेत होती, म्हणून सगळ्यांची ती तक्रारताई. गिऱ्हाईक कितीही तावातावानं आलं तरी ही थंड. "आवाज कसा येतो, जरा काढून दाखवा," असं म्हणायची, आणि चांगला टाय लावलेला माणूस भर काउंटरवर "घर्रर्र, खट्, खट्" करून दाखवायचा. ती तो आवाज जसाच्या तसा फॉर्मवर उतरवायची.

मग मशीन आत दुरुस्ती करणाऱ्या मेस्त्रींकडे जायचं. निम्म्या वेळा ते तिथे शहाण्या बाळासारखं चालायचं. अशा वेळी फॉर्मवर लिहायचं एक वाक्य ठरलेलं होतं: दोष आढळला नाही. हे वाक्य इतक्यांदा लिहावं लागे की ताईनं त्याचा रबरी शिक्का करून घेतला होता. शिक्का मारलेला कागद हातात पडला की माणसं तिच्याकडे अशी बघत, की बघवत नसे. ती बघतही नसे. पुढच्या नंबरला हाक मारायची.

चाळिशी ओलांडल्यावर या बाईनं फक्त स्वतःसाठी अशी एक गोष्ट केली. शाळेत असताना पोरी तिला "इस्त्रीचं टेबल" म्हणत. पोरींची लग्नं झाली, त्या जाड झाल्या, विसरूनही गेल्या, पण टेबल काही विसरलं नाही. स्वतःच्या पगारातून साठवून तिनं छातीत इम्प्लांट बसवून घेतले. नवऱ्याला सांगितलं होतं. तो मोटर ड्रायव्हिंग शिकवायचा आणि त्याच्या स्वभावाप्रमाणे त्यानं आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुझी इच्छा असेल तर जा पुढे." सासूबाईंना मात्र नव्या मॉडेलच्या पंधरा दिवसांच्या ट्रेनिंगला जातेय असं सांगून ती मैत्रिणीकडे राहिली. परत आली तेव्हा सासूबाईंनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं, "ट्रेनिंग चांगलं झालेलं दिसतंय," म्हणाल्या आणि विषय संपला. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काम केलेली बाई. हजारो लोकांचं बोलणं कानावरून गेलेलं, पण त्यातला एक शब्द कधी तोंडातून बाहेर पडला नाही.

पहिली दोन वर्षं ताई खूष होती. दुकानाच्या काचा, बंद पडलेल्या टीव्हीचा पडदा, मशीनचं गोल दार, जिथे म्हणून स्वतःला बघता येईल तिथे ती बघून घ्यायची. तो आनंद खरा होता. पुढे जे झालं त्यावरून तो खोटा ठरवायला निघालेल्या शहाण्यांशी मला बोलायचंच नाही.

तिसऱ्या वर्षी तब्येतीनं खोड्या सुरू केल्या. सकाळी उठलं की बोटं मिटायची नाहीत. संध्याकाळी बारीक ताप. डोळे कोरडे, गळ्यावर पुरळ, आणि थकवा असा की दात घासून झाल्यावर ती स्टुलावर बसून दम खायची. त्यात डोक्याचा भुगा झालेला. एकदा तिनं एका गिऱ्हाइकाला मशीनचा आवाज काढायला सांगितला, त्यानं बिचाऱ्यानं मन लावून काढला, आणि हिनं तो ऐकून घेऊन पुन्हा विचारलं, "हं, तर आवाज कसा येतो?" त्यानं साहेबांकडे तक्रार केली. म्हणजे तक्रारताईची तक्रार झाली. साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून सहानुभूतीनं सांगितलं, "असंच चालू राहिलं तर मला काउंटरवर दुसरं कुणीतरी बसवावं लागेल."

मग डॉक्टर सुरू झाले. घरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, नॉर्मल. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढले, नॉर्मल. कातडीच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि साबण बदलायला सांगितला. चौथ्यांनी पाळी जायचं वय सांगितलं, पाचव्यांनी टेन्शन, सहाव्यांनी "एखादा छंद लावून घ्या" म्हणून सांगितलं. रिपोर्ट नॉर्मल आला की नवरा आनंदानं आइस्क्रीम घेऊन यायचा आणि ही आइस्क्रीम खाता खाता रडायची. आजारी माणसाला नॉर्मल म्हणण्यासारखा छळ नाही. हे डॉक्टर चालले त्या तीन महिन्यांत तिनं जितकं आइस्क्रीम खाल्लं तितकं लहानपणी खाल्लं नव्हतं.

इम्प्लांटचा संशय तिला स्वतःलाच आला, कारण सगळं सुरू झालं ते त्यानंतरच. ती ते बसवणाऱ्या सर्जनकडे गेली. त्यांनी तपासलं, दोन पावलं मागे सरून पाहिलं, मान तिरकी करून पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "सुरेख! तीन वर्षांनीसुद्धा काय बसलेत बघा." त्यांनी हाताखालच्या डॉक्टरला बोलावून दाखवलं. ताई म्हणाली, "पण माझे सांधे दुखतात." सर्जन म्हणाले, "सांधे मी केलेले नाहीत." आणि कागदावर लिहून दिलं, की इम्प्लांट उत्तम स्थितीत असून त्यात कोणताही दोष आढळला नाही.

तो कागद घेऊन ती जिन्यातच उभी राहिली. सतरा वर्षं आपण लोकांच्या हातात काय ठेवत होतो ते तिला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्यावर तिनं तो शिक्का ड्रॉवरच्या तळाशी, जुन्या पावत्यांखाली घातला.

मैत्रिणीनं तिला एका गटाचा पत्ता दिला. वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी इम्प्लांटनंतर आजारी पडलेल्या अशाच दहा-बारा बायका जमत. गोल करून खुर्च्या मांडलेल्या. ताई पहिल्यांदा गेली तेव्हा एकजण सांगत होती, की तिनं घराच्या चाव्या फ्रीजमध्ये ठेवल्या आणि दही पर्समध्ये घालून ऑफिसला गेली. सगळ्या खो खो हसल्या आणि ताईही हसली, कारण तिच्या पर्समध्ये त्या क्षणी टीव्हीचा रिमोट होता. नंतर तिथेही थोडी चढाओढ लागली. एकीचे दोन सांधे दुखत तर दुसरीचे चार. एकीला इम्प्लांट काढून टाकल्यावर आठवड्यात उभारी आली होती, दुसरीला काढूनही काडीचा फरक पडला नव्हता. तिसरी मधल्या वेळेत शरीर आतून धुऊन काढणारी कसलीशी हिरवी पावडर विकत होती, ती तिच्याशिवाय कुणी घेत नव्हतं. पण तिथे कुणी कुणाला छंद लावून घ्यायला सांगत नव्हतं. तिथूनच ताईला एका बाई सर्जनचं नाव मिळालं. ऐकून घेतात, असं सगळ्या म्हणाल्या.

ताईनं वेळ घेतली आणि ठेवणीतला ड्रेस इस्त्रीला दिला. ही तिची जुनी सवय. डॉक्टरकडे जायचं म्हणजे आदल्या दिवशी रजा, दुपारभर झोप, सकाळी केस धुणं, गळ्यावरच्या पुरळावर पावडर आणि ओठांवर फिकट लिपस्टिक. चारचौघांत आपला अवतार दिसू नये! असं नटूनथटून ती सहा डॉक्टरांसमोर बसली होती, आणि सहाही जणांनी तिला बघताक्षणी म्हटलं होतं, "छान दिसताय की!"

वेळ घेतल्याच्या चौथ्या दिवशी एक आजोबा मशीन घेऊन आले. मशीन खालून पाणी सोडतं, असं म्हणणं. मेस्त्रींनी ते आडवं केलं आणि कपाळाला हात लावला. आतून बाहेरून लख्ख. वर अत्तराचा वास.

"आजोबा, पुसलंत?"

"म्हणजे काय? परक्यांसमोर घाणेरडं मशीन आणायचं? सुनेनं काल तासभर घासलंय."

मेस्त्री भडकले. "अहो, पाण्याचे डाग तुम्ही पुसले, साका तुम्ही काढला, आता पाणी कुठून झिरपतं ते मी काय अत्तरावरून ओळखू? जसं आहे तसं आणा! बिघडलेलं मशीन बिघडलेलं दिसू द्या ना!"

मेस्त्री हे भाषण आठवड्यातून दोनदा तरी करायचे. ताईनं ते हजारदा ऐकलं होतं. पण त्या दिवशी तिच्या हातातलं पेन फॉर्मवरच थांबलं. तिनं लगेच दवाखान्यात फोन करून सकाळची वेळ रद्द केली आणि संध्याकाळी साडेसहाची मागितली. रजाही काढली नाही.

दवाखान्यात जायच्या दिवशी संध्याकाळी नवऱ्याला दोन विद्यार्थ्यांचा लायसन्सच्या परीक्षेआधीचा सराव घ्यायचा होता. तो म्हणाला, "आईला ने सोबत." ताई नको नको म्हणत होती तोवर सासूबाई पर्स घेऊन दारात तयार. दिवसभर काउंटरवर बसून आलेली ताई मळक्या कपड्यांत, विस्कटलेल्या केसांनी, पायांत घरच्या स्लिपर. तिला रस्त्यात भेटेल त्या प्रत्येकाची लाज वाटत होती. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद.

नंबर आल्यावर ती म्हणाली, "आई, तुम्ही बाहेर बसा."

"का? आत काय सिनेमा आहे?" म्हणत सासूबाई तिच्या आधी आत शिरल्या आणि चांगली खुर्ची धरून बसल्या.

आता काय करणार! ताईनं डोळे मिटून सांगून टाकलं. कधी बसवले, कुठे बसवले, ट्रेनिंग कसलं होतं, सगळं. डोळे उघडून बघते तर सासूबाई आपल्या चष्म्याची काच पुसताहेत.

"तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, पंधरा दिवस वॉशिंग मशीनचं ट्रेनिंग घेऊन कुणाचे सगळे कपडे घट्ट होतात का? तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. हं, डॉक्टर, तुम्ही विचारा पुढे."

डॉक्टरबाई हसू दाबून एकेक विचारत गेल्या. ताप, सांधे, झोप, डोळे. "केस गळतात?"

"नाही," ताई म्हणाली. "तेवढं एक सोडून."

सासूबाईंनी घसा खाकरला. "गळतात."

"नाही हो आई, बाथरूमची जाळी नेहमी स्वच्छ असते."

"स्वच्छ असते, कारण मी करते. तू आंघोळ करून निघालीस की मी आत जाते. रोज लिंबाएवढा गुंता निघतो. तुझ्या नजरेला पडला तर आणखी खचशील म्हणून कागदात गुंडाळून टाकून देते." मग त्या डॉक्टरबाईंकडे वळल्या आणि इतकी वर्षं मिटलेलं तोंड उघडलं ते उघडलंच. "लिहून घ्या. दुपारी ऑफिसातून फोन करून विचारते, गॅस बंद केलात का. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. मी दोन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं उत्तर देते. कप हातातून निसटून फुटतात, ते मी फोडले असं मुलाला सांगते. सहा फोडलेत मी आतापर्यंत. तो मला डोळे तपासायला नेणार आहे. आणि जिना चढताना ही मध्येच थांबते, चपलेचं बक्कल लावल्याचं सोंग करते. बघा तिच्या चपलेकडे. बक्कल आहे का?"

तिघीही त्या स्लिपरकडे बघत राहिल्या. बक्कल नव्हतं.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे सगळं इम्प्लांटमुळेच होतंय असं मी शपथेवर सांगू शकत नाही. तशी खात्री देणारी तपासणी माझ्याकडे नाही. काढल्यावर काही जणींना बरं वाटतं, काहींना नाही वाटत. छाती आधीसारखीही होणार नाही, थोडी सैल पडेल. पण तुम्ही आजारी आहात, हे मला दिसतंय."

इतक्या डॉक्टरांपैकी हे वाक्य तिला कुणी म्हटलं नव्हतं. ताई रडायला लागली. शाळेतल्या त्या पोरी आठवल्या, काचेतलं आपलं रूप आठवलं, त्याचंही वाईट वाटलं, फार वाटलं. मग नाक पुसून म्हणाली, "काढा."

ऑपरेशन महिन्याभरानं झालं. संध्याकाळचा ताप गेला, सांधे निम्मे मोकळे झाले, विसराळूपणा बराचसा राहिला. काय कशानं गेलं आणि काय कशानं राहिलं, हे ठामपणे सांगणारं अजून कुणी भेटलेलं नाही. आज ती काउंटरवरच आहे, पण अर्धा दिवस.

त्या संध्याकाळी मात्र डॉक्टरबाईंकडून निघून त्या दोघी जिना उतरत होत्या. मधल्या वळणावर ताईनं कठडा धरला. सवयीनं ती खाली वाकली, वाकलेलीच थांबली, आणि मग सरळ पायरीवर बसली. समोरून माणसं वर येत होती.

"आई, मला नाही जमत," ती म्हणाली. "खूप दमलेय मी."

सासूबाईंनी पर्स पायरीवर ठेवली आणि गुडघ्यांवर हात टेकून तिच्या शेजारी बसल्या. वर येणारा एकजण वैतागून म्हणाला, "अहो, ही काय बसायची जागा आहे?"

"आजारी आहे माझी सून," सासूबाई म्हणाल्या. "बाजूनं जा."