आरशातली अक्षरं

घाटकोपरच्या आमच्या गल्लीत पद्मजाचं चष्म्याचं दुकान आहे. बोर्डावर ऑप्टोमेट्रिस्ट लिहिलंय, गल्ली तिला डोळेवाली म्हणते. तपासायची खोली एवढीशी, की अक्षरांचा डबा खुर्चीच्या मागे टांगलाय आणि समोर आरसा. अंधारात बसून आरशात बघायचं. अक्षरं लांब कुठेतरी, विहिरीच्या तळाशी असल्यासारखी वाटतात. पद्मजा नाकावर जड चौकट ठेवते, भिंगं बदलते, हळूच विचारते, "हे बरं की ते?" मला तर तिथे झोपच येते.

मी सुलक्षणा. तीस वर्षं ब्लाउज शिवते. गेली दोन वर्षं सगळं धुक्यात गेलं होतं. खरं सांगते, कधीकधी छान वाटायचं. रस्त्यावरच्या दिव्यांना फुलं फुटायची, समोरच्या बिल्डिंगी तरंगायच्या. पण शिवणारणीला दिसत नाय म्हटल्यावर कापड कोण देणार? दुसरं काय येतंय मला मेलीला?

चौदा एप्रिलसाठी पद्मजाने माझ्याकडून निळं ब्लाउज शिवून घेतलं. मग मेमध्ये म्हणाली, "मावशी, नंबर बघायला ये." टाळणार किती? गेले. पडद्याबाहेर बाकावर बसले. आत माझ्या आधीची चार माणसं मोठ्याने अक्षरं वाचत होती. आरत्या पाठ करणारी बाई मी! ओळ न् ओळ डोक्यात बसली. माझी पाळी आली तशी घडाघडा म्हणून दाखवली.

पद्मजाने हातातलं भिंग खाली ठेवलं. मग म्हणाली, "मावशी, तू बसल्यावर डब्यातला दिवा मी अजून लावलाच नाही गं."

वाट लागली माझी! कान तापले. "फसवतेस होय मला? मोठी आली डोळेवाली!" मी ओरडले.

ती चिडली नाही. अंधारातच स्टुलावर बसली. "मी पण आठवीपर्यंत हेच केलं," म्हणाली. तिचे बाबा वाशिमहून इथे आले, तिला पालिकेच्या शाळेत घातलं. फळा दिसायचा नाही. शेजारची मुलगी पुटपुटत वाचायची, ही पाठ करायची. शाळेत तपासणी झाली तेव्हा पकडली गेली. "चष्मा लावून बाहेर आले तर पिंपळाला पानं होती, मावशी. सुटी सुटी. तोवर मला वाटायचं, झाड म्हणजे हिरवा ढग." त्या दिवशीच तिने ठरवलं, आपण हेच शिकायचं. पुढे चार वर्षं शिकली.

तो पिंपळ मलाही दिसत होता.

दिवा लावून तिने नीट तपासलं. "मोतीबिंदू वाटतोय. मोठ्या डॉक्टरांकडे मी येते बरोबर. गल्लीत कुणाला सांगत नाही."

ऑपरेशन झालं. महिन्याने तिच्याच खुर्चीत बसले. दिवा लागला, अक्षरं टकटकीत. आणि आरशात माझ्यामागे पद्मजा उभी, तेच निळं ब्लाउज घालून. बाहीच्या काठाला हिरवा दोरा! टीपही वाकडी. हे घालून ती चौदा एप्रिलला सगळ्यांत फिरली होती.

"अगं, तुला दिसलं नाय हे?"

"दिसलं ना. म्हणून तर दिवा लावला नव्हता."

मला रडूच फुटलं. "काढ ते! आत्ताच्या आत्ता उसवते!"

"डोळे चोळू नकोस," ती म्हणाली. "आधी शेवटची ओळ वाच."

वाचली. संध्याकाळी ब्लाउज घरी आणलं, हिरवा दोरा उसवला. सुईत निळा दोरा ओवला, पहिल्या झटक्यात.